स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी निवासी केंद्र कसे पारखावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईला किंवा वडिलांना आता घरी सांभाळणे शक्य नाही, असे ठरते तेव्हा बहुतेक कुटुंबे आधीच थकलेली असतात आणि केंद्र शोधायला त्यांच्या हाताशी जेमतेम आठ-पंधरा दिवस असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुसंख्य घरीच राहतात. ज्यांना घरी ठेवणे अशक्य झाले आहे, त्यांच्या नातेवाइकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत.

नर्सिंग होम, वृद्धाश्रम आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केंद्र यांत फरक काय?

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली की ते बहुधा बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियांचे छोटे खासगी रुग्णालय असते आणि त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली झालेली असते. परदेशातील मुले फोनवर ‘आईसाठी नर्सिंग होम बघा’ असे सांगतात तेव्हा त्यांच्या मनात दीर्घकाळ राहण्याची जागा असते, आणि इथले नातेवाईक मात्र भलत्याच दारात चौकशी करत फिरतात. वृद्धाश्रम हा बहुतांशी हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतो. ‘स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे’ ही अट अनेक ठिकाणी प्रवेशअर्जातच लिहिलेली असते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ती अट आज ना उद्या मोडावी लागते. त्यामुळे पहिल्याच फोनवर आजाराचे नाव स्पष्ट सांगावे. ‘थोडे विसरतात’ एवढेच सांगून मिळवलेला प्रवेश दोन महिन्यांत ‘घेऊन जा’ या फोनने संपतो.

केंद्राकडे कोणती नोंदणी असावी?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. विचार, भावस्थिती, दिशाभान किंवा स्मृती यांचा असा गंभीर बिघाड, की ज्यामुळे निर्णयक्षमता किंवा रोजचे व्यवहार फार बाधित होतात, अशी मानसिक आजाराची व्याख्या त्यात दिली आहे. मध्यम आणि तीव्र स्मृतिभ्रंश या व्याख्येत बसतो, हे ती वाचताना स्पष्ट दिसते. अशा व्यक्तींना दाखल करून घेणाऱ्या किंवा निवासी ठेवणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ‘आमच्याकडे वेडे कोणी नाहीत, आम्हाला त्या नोंदणीची गरज नाही’ असे उत्तर मिळू शकते. या उत्तरातील ‘वेडे’ हा शब्द त्या केंद्राविषयी बरेच काही सांगून जातो.

धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावलेले असते. ती न्यासाची नोंदणी असते आणि काळजीच्या दर्जाशी तिचा संबंध नसतो. अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र मात्र आवर्जून पाहावे, कारण जिन्याला कुलूप असलेल्या इमारतीत रात्री आग लागली तर वीस ज्येष्ठांना खाली कसे आणणार, हा प्रश्न त्या कागदाशी जोडलेला आहे.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असते तसे मानांकन आपल्याकडे आहे का?

अमेरिकेत २००८ पासून शासकीय यंत्रणा नर्सिंग होमना एक ते पाच तारे देते आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्र आयोग तपासणी करून अहवाल सर्वांसाठी खुला करतो. स्मृतिभ्रंशाच्या निवासी केंद्रांचे तसे सार्वजनिक मानांकन आपल्याकडे नाही. शिवाय अमेरिकेतील ताऱ्यांमागची काही माहिती संस्था स्वतःच पुरवतात, त्यामुळे तिथेही जाणकार माणूस तारे पाहून थांबत नाही. इंटरनेटवरील नकाशाखालचे अभिप्राय तर नातेवाइकांनी लिहिलेले असतात, आणि तेही बहुधा प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा सुटकेचा निःश्वास आणि कृतज्ञता यांतला फरक कुणालाच कळत नसतो.

केंद्र पाहायला कधी जावे आणि काय पाहावे?

सकाळी अकराची वेळ केंद्राच्या सोयीची असते. अंघोळी उरकलेल्या असतात, केस विंचरलेले असतात आणि व्यवस्थापक जागेवर असतात. पहिली भेट तेव्हाच होईल. ती होऊ द्यावी. दुसरी भेट दुपारी चार ते सात या वेळात, शक्य तर रविवारी आणि आगाऊ न कळवता द्यावी. दिवस मावळतीला आला की स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची अस्वस्थता वाढते: येरझाऱ्या सुरू होतात, ‘मुले शाळेतून आली असतील’ असे म्हणत एखादी आजी दाराशी जाते, कुणी रडते, कुणी ओरडते. नेमक्या याच वेळी कर्मचाऱ्यांची पाळी बदलत असते आणि स्वयंपाकघरात धावपळ असते. केंद्राची खरी ताकद या तीन तासांत उघडी पडते.

ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी विकसित केलेल्या निरीक्षणपद्धतीत प्रशिक्षित निरीक्षक दिवाणखान्यात तासन्‌तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करतो आहे व कसा दिसतो आहे, याची नोंद करतो. नातेवाइकाला ते सर्व जमणार नाही. पण एका कोपऱ्यात तासभर बसून दोन-तीन माणसांकडे लक्ष ठेवणे जमते. त्या तासात त्यांच्याशी कोणी कितीदा बोलले? बोलणे डोळ्याला डोळा भिडवून, खाली वाकून झाले की पाठीमागून खुर्ची ढकलत? दूरदर्शनवरची मालिका रहिवासी पाहत होते की कर्मचारी?

माझ्या सासऱ्यांसाठी केंद्रे पाहताना एका ठिकाणची बाग, संगमरवरी फरशी आणि देवघर पाहून आम्ही सर्वजण भारावलो होतो. तिथे एक वृद्ध बाई खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठत होत्या आणि दर वेळी कोणी तरी लांबूनच ‘आजी, बसा’ म्हणत होते. अर्ध्या तासात अकरा वेळा ‘बसा’ ऐकले. त्यांना लघवीला जायचे होते, हे शेवटी त्यांच्या साडीवरून कळले. त्या दिवसापासून केंद्र पाहताना मी एकच गोष्ट शोधत आलो आहे: रहिवासी ‘नाही’ म्हणतो किंवा सांगितल्याच्या उलट वागतो, तेव्हा तिथले लोक काय करतात.

अंघोळीला नकार दिल्यास केंद्राने काय करावे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मुलाखतीत विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला अनोळखी व्यक्ती आपले कपडे का काढते आहे, हे समजत नाही. पाणी अंगावर पडण्याचा आवाज आणि थंडी यांनी तो घाबरतो. आयुष्यभर पदर सांभाळलेल्या बाईला पुरुष कर्मचाऱ्यासमोर उभे करणे तर उघडच अपमानास्पद असते. त्यातून आरडाओरडा होतो, हात उगारला जातो आणि नोंदवहीत ‘आक्रमक रुग्ण’ असा शिक्का बसतो.

‘आम्ही दोघे-तिघे मिळून उरकतो’ हे वाईट उत्तर होय. चांगले उत्तर लांबलचक आणि तपशिलाने भरलेले असते. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. ज्या मावशींचे आजी ऐकतात त्यांना पाठवतो. आधी पाय गरम पाण्यात ठेवतो. अंगावर पंचा ठेवून एकेक भाग पुसून घेतो. घरी त्या पहाटे देवपूजेआधी अंघोळ करत असत, म्हणून इथेही त्यांची वेळ पहाटेचीच ठेवली आहे. आणि एवढे करून नाहीच जमले तर आजचा दिवस सोडून देतो. शेवटचे वाक्य ऐकू आले तर ते केंद्र यादीत ठेवावे. अंघोळ एक दिवस चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण सगळे साडेआठच्या आत आटोपलेच पाहिजे, असा दंडक असलेल्या घरात प्रत्येक ‘नाही’ हा गुन्हा ठरतो.

याच ओघात केसांविषयी विचारावे. सांभाळायला सोपे म्हणून वृद्ध स्त्रियांचे केस सरसकट बारीक कापण्याची किंवा डोके भादरण्याची पद्धत काही ठिकाणी असते. ज्या समाजाने केशवपनाविरुद्ध एवढा मोठा लढा पाहिला, तिथे हे सोयीच्या नावाखाली परत यावे, याचे नवल वाटते. २०१७ च्या कायद्याने सक्तीचे मुंडन नाकारण्याचा आणि संस्थेच्या गणवेशाऐवजी स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे.

बांधून ठेवणे किंवा झोपेची औषधे देणे योग्य आहे का?

२०१७ चा कायदा याबाबत बहुतेक नातेवाइकांच्या कल्पनेपेक्षा कडक आहे. त्या व्यक्तीला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढाच वेळ शारीरिक बंधन वापरता येते. प्रत्येक प्रसंगाची वैद्यकीय नोंद व्हावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. व्यवस्थापकांना हे नियम पाठ असावेत अशी अपेक्षा नाही. पण ‘कधी बांधावे लागले तर आम्हाला कसे कळवाल?’ या प्रश्नावर ते गडबडले, तर कारण समजून घ्यावे.

बंधन नेहमी दोरीचेच असते असे नाही. खुर्चीला पुढून अडकवलेला ट्रे, उठताच येणार नाही असा खोलगट सोफा, काठी किंवा वॉकर हाताला लागणार नाही असा ठेवणे, हीदेखील बंधनेच आहेत. पलंगाचे कठडे सुरक्षित वाटतात, परंतु गोंधळलेला माणूस ते ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. खाली नेता येणारा पलंग आणि शेजारी गादी, हा साधा उपाय अनेकदा बरा ठरतो.

औषधांचे बंधन डोळ्यांना दिसत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरील काही औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो त्याच गटातील जुन्या पिढीच्या औषधांनाही लागू केला. ही औषधे कधीच देऊ नयेत असा त्याचा अर्थ नाही. तीव्र भास किंवा हिंसक वर्तन असेल तर डॉक्टर विचारपूर्वक ती देतात. मात्र ती कोणत्या लक्षणासाठी सुरू केली, मात्रा कोणी ठरवली आणि कमी करण्याचा विचार कधी होणार, या तिन्हींची उत्तरे कागदावर असली पाहिजेत. संध्याकाळी सहा वाजता सगळा हॉल माना टाकून पेंगत असेल, तर त्या शांततेचे कौतुक करू नये.

कर्मचारी किती आणि कसे असावेत?

‘पाच जणांमागे एक’ अशा आकड्यात स्वयंपाकी, माळी आणि कार्यालयातील लिपिकही मोजलेले असू शकतात. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: रात्री दोन वाजता या मजल्यावर जागे कोण असते? रात्रपाळीचा माणूस तोच दिवसपाळी करून आलेला असेल, तर तो जागा असला तरी त्याच्याकडून काळजीची अपेक्षा ठेवता येत नाही.

संख्येइतकेच सातत्य महत्त्वाचे आहे. कर्मचारी पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दर पंधरा दिवसांनी नवी बाई येत असेल, तर आजोबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, चहा बशीत ओतून दिला की ते पितात, ‘अहो काका’ म्हटल्याने चिडतात पण ‘सर’ म्हटले की मान वर करतात, हे सर्व ज्ञान तिच्याबरोबरच निघून जाते. सर्वांत जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत, हे व्यवस्थापकांऐवजी मावशींनाच विचारावे. त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणती, हेही सहज विचारून पाहावे. उत्तर द्यायला त्या घुटमळल्या तर पुढचे विचारण्याची गरज उरत नाही.

भाषेचा मुद्दा मुंबई-पुण्याइतकाच बंगळूर, इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी कुटुंबांनाही लागू आहे. नंतर शिकलेली भाषा आजारात अनेकदा आधी निसटते आणि माणूस बालपणीच्या बोलीकडे परततो. कर्मचारी अमराठी असणे ही उणीव नव्हे, पण ‘दुखतंय’, ‘पाणी’, ‘बाहेर जायचंय’, ‘भीती वाटते’ असे वीस-पंचवीस शब्द त्यांना लिहून द्यावेत. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजींचे शब्द तर पुण्यातल्या मराठी परिचारिकेलाही समजणार नाहीत.

जेवणाबाबत काय विचारावे?

भिंतीवरील साप्ताहिक आहारतक्ता वाचण्यात वेळ घालवू नये. वजनाची वही मागावी. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही गंभीर बाब मानली जाते. पन्नास किलोच्या आजींच्या बाबतीत महिन्यात अडीच किलो हा आकडा लक्षात ठेवावा. वजनकाटाच नसेल तर बाकीचे प्रश्न वायफळ आहेत.

त्यानंतर भरवण्याची वेळ पाहावी. आजार वाढला की घास तोंडात तसाच राहतो, पातळ पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि एका माणसाला नीट भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. एक मावशी तीन ताटांसमोर बसून आळीपाळीने चमचे फिरवत असेल, तर हिशेब जुळत नाही. सरळ बसवून भरवतात का, जेवल्यावर लगेच आडवे करतात का, मऊ भात, वरण आणि भाजी वेगवेगळी देतात की सगळे मिक्सरमधून काढून एकाच रंगाचा लगदा करतात, हे पाहावे. पुढच्या टप्प्यात नाकातून नळी घालण्याचा प्रश्न येतो. तीव्र स्मृतिभ्रंशात नळीऐवजी जपून हाताने भरवावे, अशी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीची २०१४ पासूनची भूमिका आहे. नळी घातली की भरवण्याचे काम दहा मिनिटांत होते, त्यामुळे ती कोणाच्या सोयीसाठी सुचवली जात आहे, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे.

‘आमच्याकडे कोणी पडत नाही, कोणाला शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) होत नाही’ असे केंद्र सांगते. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. चालू शकणारी ज्येष्ठ माणसे कधी ना कधी पडतात. जिथे कोणीच पडत नाही, तिथे एक तर कोणाला उठू दिले जात नाही किंवा नोंद केली जात नाही. मागील तीन महिन्यांत कोण पडले, नातेवाइकांना किती वेळाने कळवले आणि त्यानंतर काय बदलले, हे नावे झाकून दाखवणारे केंद्र अधिक विश्वासार्ह असते. शय्याव्रणाबाबत मात्र अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलल्याची वेळेनुसार नोंद पाहावी, आणि पूर्ण दिवसाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या दिसतात का, तेही पाहावे.

ज्यांना सांगता येत नाही, त्यांचे दुखणे कसे ओळखतात?

श्वास, कण्हणे, चेहऱ्यावरचे भाव, शरीराचा ताठरपणा आणि समजूत घातल्यावर शांत होणे, अशा पाच गोष्टींना गुण देऊन वेदना मोजण्याची एक पद्धत २००३ पासून उपलब्ध आहे आणि ती शिकायला सोपी आहे. पद्धतीचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. पण अचानक वाढलेल्या चिडचिडीला ‘आजार वाढला’ असे न म्हणता दाढ, बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग आणि नुकतेच सुरू केलेले औषध आधी तपासले जाते का, हे विचारावे.

खर्च आणि करारात कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

मासिक शुल्काबाहेर डायपर, औषधे, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट आणि रुग्णालयात नेल्यावर सोबत थांबणारा माणूस, या सर्वांचे वेगळे बिल लागते का, ते लेखी घ्यावे. मृत्यू झाल्यास किंवा मध्येच हलवल्यास अनामत रकमेचे काय होते, हे विचारताना संकोच वाटतो, तरी विचारावे. आरोग्यविमा सहसा रुग्णालयातील उपचारांसाठी असतो, निवासी शुल्कासाठी नसतो.

करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम घरी परत पाठवण्याचे असते. ‘वर्तन आटोक्यात न राहिल्यास’ असे मोघम शब्द असतील, तर गेल्या वर्षी किती जणांना या कारणाने परत पाठवले आणि किती दिवसांची मुदत दिली, हे विचारावे. वर्तनाची अडचण आहे म्हणूनच तर कुटुंब त्यांच्या दारात आलेले असते.

सही कोणी करायची?

आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर त्या व्यक्तीनेच करावी. २०१७ च्या कायद्यानुसार तिला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते. बँक आणि मिळकतीचा प्रश्न वेगळा आहे: निर्णयक्षमता गेल्यानंतर पालकत्वासाठी अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाकडे जावे लागले आहे, कारण काही ठरावीक अपंगत्वांसाठी पालक नेमण्याची सोय देणाऱ्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या यादीत स्मृतिभ्रंशाचा समावेश नाही.

आजी रोज ‘घरी जायचंय’ म्हणतात. केंद्र वाईट आहे का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. स्वतःच्या घरात बसलेली माणसेही हेच म्हणतात. त्यांच्या मनातले घर सत्तर वर्षांपूर्वीचे, कोकणातले किंवा विदर्भातल्या एखाद्या वाड्यातले असते. यावर कर्मचारी काय करतात, ते मात्र पाहावे. ‘हेच तुमचे घर’ असे दरडावणारा माणूस आणि ‘घरी कोण कोण असतं हो?’ असे विचारत त्यांच्याबरोबर अंगणात चार पावले टाकणारा माणूस, यांच्या पगारात कदाचित फरक नसेल.

दाखल केल्यानंतर लक्ष कसे ठेवावे आणि तक्रार कुठे करावी?

निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी जावे. नखे, टाचा, जिभेचा ओलसरपणा आणि काखेतली त्वचा पाहावी. चष्मा त्यांचाच आहे का, कवळी तोंडात आहे की डब्यात, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, हेही तपासावे. ऐकू न येणारा माणूस अधिक गोंधळलेला दिसतो आणि त्याचा दोष आजारावर जातो. परदेशातील मुलांनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल केवळ चेहऱ्यावर न थांबवता खोली आणि पलंग दाखवण्याची विनंती करावी, आणि गावातल्या एखाद्या मावसभावाला महिन्यातून एकदा खरोखर पाठवावे. भेटी आणि फोन यांचा हक्क कायद्यात आहे. ‘नातेवाईक आले की त्या बिथरतात, तीन महिने येऊ नका’ असे सांगणाऱ्या केंद्राकडे उलट अधिक वेळा जावे.

तक्रार प्रथम व्यवस्थापकांकडे लेखी द्यावी आणि पोचपावती घ्यावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ उपलब्ध असते. काळजीतील त्रुटींबाबत २०१७ च्या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि पैशांच्या व सेवेच्या वादात ग्राहक आयोगाकडे जाता येते. मारहाण झाल्याची खूण दिसली तर आधी छायाचित्र काढावे, त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि पोलिसांत जावे. व्यवस्थापकांशी बोलणे त्यानंतर.